सायकलच्या दुकानातले वॉरंटी क्लेम: काय बसतं, काय नाही, आणि मजुरी कुणाच्या खिशातून?

फ्रीव्हील_सोळा (प्रश्न)

मंडळी, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही करणाऱ्या दुकानासाठी प्रश्न आहे. दुरुस्तीचा हिशोब सरळ असतो, वॉरंटीचा नसतो. चार प्रकरणं समोर ठेवतो:

१) ॲल्युमिनियमची फ्रेम, अडीच वर्षं वापरलेली. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि वरची नळी जिथे जुळतात त्या वेल्डिंगला लागून केसाएवढा तडा.

२) चौकोनी ॲक्सलवरचा डावा क्रँक (पेडलचा दांडा) डगडगतो. सायकल विकून सहा आठवडे झालेत.

३) मागच्या चाकाच्या तारा तुटतायत. तीन झाल्या, तिन्ही कॅसेटच्या (मागच्या गियरचक्रांच्या) बाजूच्या. सायकल पाच महिन्यांची.

४) ई-सायकलची ३६ व्होल्टची बॅटरी. चार महिने पडून होती, आता चार्जर लावला तरी दिवा पेटत नाही.

चौघांचंही म्हणणं एकच, "माल खराब आहे, बदलून द्या." वितरकाला फोटो पाठवले की "आणखी माहिती पाठवा" असं उत्तर येतं आणि दोन आठवडे जातात. यातलं खरंच वॉरंटीत बसणारं कोणतं, ते ओळखायचं कसं, क्लेम पहिल्याच फेरीत पुढे सरकावा म्हणून काय पाठवायचं, आणि उघडण्या-जोडण्याची मजुरी कुणी सोसायची?

पाना_पंधरा

फ्रेमचं सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त घाई होते.

सीटपोस्ट (सीटचा दांडा) लगेच ओढून काढू नका. आधी आहे त्या अवस्थेत फोटो. मग पोस्ट नळीत शिरतो तिथे चिकटपट्टीचा एक वेढा मारा आणि मगच काढा. पट्टीपासून पोस्टच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. या क्लेमचा जीव त्या आकड्यात आहे. पोस्टवरची 'किमान' रेघ (पोस्ट निदान इथपर्यंत आत हवा) आत होती, एवढ्याने भागत नाही. ती रेघ मुख्यतः पोस्टसाठी असते. सीट ट्यूब वरच्या नळीच्या बरीच वर आलेली असेल, तर रेघ आत असूनही पोस्टचं टोक सांध्याच्या वरच लटकतं, आणि बसणाऱ्याचं वजन तरफेसारखं नेमकं त्या वेल्डिंगला उचकटतं. टोक वरच्या नळीच्या खालच्या वेल्डिंगच्याही खाली पोचलेलं हवं. फ्रेमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर दोन्हींतला मोठा धरायचा.

पोस्टचा पृष्ठभागही नीट बघा. बरेच महिने एकाच उंचीवर राहिलेल्या पोस्टवर आतल्या भागाची झिलई वेगळी पडते. दुकानात यायच्या आधी कुणी सीट खाली घेतली असली तरी जुनी खूण लपत नाही.

मग व्यास. ३१.६ मिमीच्या नळीत ३०.९ चा पोस्ट घालून क्लँप आवळत राहिलं तर तडा क्लँपच्या खाचेच्या तळापासून निघतो. वेल्डिंगच्या काठाने फिरणारा तडा वेगळा, खाचेतून निघालेला वेगळा. फोटोत हे दिसलं पाहिजे.

थकव्याचा तडा की धडकेचा, हे असं ओळखा. थकव्याचा तडा वेल्डिंगच्या काठाला चिकटून, बारीक, आजूबाजूला पोचा नसलेला. आत मळ शिरलेला असतो. नळी पूर्ण तुटली असेल तर तुटलेल्या तोंडावर दोन रंग दिसतात: जुना भाग काळपट आणि गुळगुळीत, शेवटी एका झटक्यात तुटलेला भाग चकचकीत आणि खरबरीत. समोरून धडक बसली असेल तर खूण सहसा हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) मागे, खालच्या नळीच्या पोटाला: रंगाला सुरकुती आणि खाली किंचित फुगवटा. सांध्यापाशी तडा असला तरी तिथे बोट फिरवून बघाच. चिमटाही (पुढचं चाक धरणारा फोर्क) बाजूने बघा, मागे वाकलाय का.

रंग तडकलाय की धातू, हे ठरवायला रंग खरवडावा लागतो. वितरकाची लेखी परवानगी आल्याशिवाय खरवडू नका. खरवडल्यानंतर "दुकानाने नुकसान केलं" म्हणायला त्यांना मोकळं रान मिळतं. परवानगी आली तर लाल रंगाची तडाशोधक किट वापरा: लाल द्रव लावून साधारण दहा मिनिटं थांबायचं, पृष्ठभाग पुसून कोरडा करायचा, वरून पांढरा फवारा. धातूला तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

तोवर ती सायकल कुणाला चालवू द्यायची नाही. पावतीवर तसं लिहून सही घ्या.

छर्रे_ग्रीस

दुसरं प्रकरण वितरकाकडे पाठवूच नका. सहा आठवड्यांत ढिला झालेला डावा क्रँक जवळपास नेहमीच जोडणीची चूक असतो, म्हणजे तुमची. कटू आहे, पण आहे.

चौकोनी ॲक्सलच्या बोल्टला साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. आखूड दांड्याच्या ॲलन कीने हाताला "घट्ट" वाटतं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या निम्मंही झालेलं नसतं. मग क्रँक सूक्ष्म हलत राहतो. ॲक्सल कडक पोलादाचा, क्रँक मऊ ॲल्युमिनियमचा, त्यामुळे चौकोनी भोकाचे कोपरे गोल होतात. एकदा ते झालं की बोल्ट कितीही आवळा, ३० ते ५० किलोमीटरमध्ये पुन्हा तेच. प्रत्येक आवळणीला क्रँक आणखी आत सरकतो, ते वेगळंच.

खात्री करायची तर बोल्ट काढून भोक टॉर्चने बघा. चार सपाट बाजूंवर पूर्ण टेकल्याची एकसारखी चमक असेल तर भोक ठीक. कोपऱ्यांपाशी ओघळल्यासारखा धातू आणि काळी भुकटी दिसली तर भोक गेलं. नवा क्रँक त्याच ॲक्सलवर लावून ४० वर आवळा. ॲक्सलचं टोक क्रँकच्या आतल्या पायरीच्या थोडं मागे राहिलं पाहिजे. नवा क्रँकही टोकापर्यंत जात असेल, तरच दोष मालात, आणि तेव्हा क्लेम करा. (ॲक्सलला ग्रीस लावायचं की कोरडा ठेवायचा, हा वाद इथे नको. निर्मात्याचं पत्रक सांगतं तसं.)

पेडलचे आटे गेल्याची तक्रार याच जातीची. क्रँकच्या भोकातले फक्त पहिले दोन-तीन आटे चिरडलेले असतील तर पेडल तिरपं लावलं गेलं. सगळे आटे स्प्रिंगसारखे पेडलला गुंडाळून बाहेर आले असतील तर पेडल ढिलं असताना चालवलं. डाव्या पेडलचे आटे उलटे, हे नव्या पोराला रोज सांगावं लागतं. दोन्ही बाजूंना ३५ ते ४० न्यूटन मीटर.

एक भेद मात्र पक्का ठेवा. रिकॉल (कंपनीने धोक्याचा माल स्वतःहून तपासायला बोलावणं) म्हणजे वॉरंटी नव्हे. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये ११ स्पीडच्या (मागे ११ गियर), भाग चिकटवून बनवलेल्या होलोटेक २ रोड क्रँकची मोफत तपासणी जाहीर केली. मॉडेल एफसी-६८००, एफसी-९०००, एफसी-आर८०००, एफसी-आर९१०० आणि एफसी-आर९१००-पी, जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले. क्रँकच्या मागच्या बाजूला दोन अक्षरी उत्पादन कोड असतो, तो यादीशी ताडायचा. अशा वेळी "बिलाची मुदत संपली" म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवू नका. प्रश्न सुरक्षिततेचा आहे, मुदतीचा नाही.

छत्तीस_तारा

तारांचं प्रकरण चौघांत सगळ्यात जिंकण्यासारखं आहे, फक्त पुरावा गोळा करावा लागेल.

तुटलेल्या तारांचे तुकडे फेकले नसतील अशी आशा. कुठे तुटल्या ते बघा. हबच्या भोकापाशी, वाकलेल्या कोपरावर, सपाट बारीक तोंड असेल तर थकवा. लोकांना वाटतं तार जास्त ताणल्याने तुटते. उलट आहे. ताण कमी किंवा असमान असला की चाकाच्या प्रत्येक फेरीला तार सैल-ताठ होत राहते आणि कोपरावर थकते. पण कोपराच्या जरा वर आडवे ओरखडे असतील तर कधीतरी चेन कॅसेटच्या मागे पडली होती. तिथे वॉरंटी संपली. मग हँगर (मागचं गियर बदलणारं यंत्र टांगायची पट्टी) वाकलाय का बघा, मोठ्या गियरचा लिमिट स्क्रू (चेनला पलीकडे जाण्यापासून रोखणारा) तपासा.

आता उरलेल्या सगळ्या तारा टेन्शन मीटरने मोजा आणि आकडे कागदावर लिहा, व्हॉल्व्हपासून क्रमाने. तार तुटली की शेजारच्यांचा ताण बदलतो, म्हणून तुटलेल्या जागेच्या दोन्हीकडच्या दोन-दोन तारा वेगळ्या खुणेने दाखवा. मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो-बल (kgf), दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत. एकाच बाजूच्या तारांमध्ये सरासरीच्या २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर चाक कारखान्यातून नीट आलेलं नाही. "तार तुटली" असा फोटो क्लेम करणाऱ्या सगळ्यांकडे असतो. प्रत्येक तारेच्या ताणाचा तक्ता फार थोडे पाठवतात.

पण इथेही एक काटा आहे. सायकल देण्याआधी हा ताण तुमच्याकडे तपासला गेला होता का? पुस्तिकेत भाराची मर्यादा असते, ती माणूस, सायकल आणि सामान मिळून असते की नाही ते वाचा, आणि कॅरिअर लावलाय का ते स्वतःहून कळवा.

मागणी तीन तारांची करू नका. एका बाजूच्या तीन गेल्या म्हणजे उरलेल्याही तेवढ्याच थकल्यात. त्या बाजूचा पूर्ण संच किंवा चाक मागा. बसवताना नव्या तारांच्या समांतर जोड्या हाताने जोरात दाबून घ्या, पूर्ण फेरी, मग पुन्हा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढा. हे दाबणं टाळलं की पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये चाक परत येतं.

चेनचंही एका ओळीत. "नवी चेन उडते" अशी तक्रार आली तर १२ पूर्ण इंच मोजा. नव्या चेनवर ते ३०४.८ मिमी असतं, ३०६.३ म्हणजे अर्धा टक्का झीज, ३०७.१ म्हणजे पाऊण. ११-१२ स्पीडला अर्ध्यावर बदलायची. झीज ही वॉरंटी नाही, कितीही भांडलं तरी.

चार्जर_काढा

बॅटरी. पहिल्यांदा चार्जर मोजा. ३६ व्होल्टच्या बॅटरीत सहसा १० सेल ओळीत असतात, पूर्ण चार्ज ४२ व्होल्ट, म्हणून चार्जरचं टोक ४२ च्या आसपास दाखवायला हवं. तिथे शून्य असेल तर बॅटरी निर्दोष असू शकते. (काही चार्जर बॅटरीशी बोलल्याशिवाय व्होल्टेज सोडत नाहीत. त्यांना दुसऱ्या चांगल्या बॅटरीवर लावून बघायचं.)

बॅटरीच्या टोकांवर शून्य दिसलं म्हणजे ती मेली असंही नाही. आतलं संरक्षण सर्किट झोपलेलं असलं तरी बाहेर शून्यच येतं. निर्मात्याच्या निदान यंत्राला जोडून अहवाल काढा. बॅटरी किती वेळा चार्ज झाली ती संख्या, शेवटच्या चार्जची वेळ, सगळ्यात कमी सेल व्होल्टेज, त्रुटी कोड असं बरंच त्यात मिळू शकतं. अहवालाशिवाय बॅटरीचा क्लेम पाठवण्यात अर्थ नाही.

चार महिने पडून राहिलेली बॅटरी बहुधा रिकामी ठेवली होती. सर्किट स्वतः थोडा करंट खात राहतं आणि सेल खोल उतरतात. एका सेलचं व्होल्टेज २ च्या खाली बराच काळ राहिलं की आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट व्हायचा धोका असतो. म्हणून कुणी बाहेरून थेट वीज देऊन "जागी" करायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. साठवणीसाठी ३० ते ६० टक्के चार्ज, कोरडी थंड जागा, अधूनमधून तपासणी, हे पुस्तिकेत असतंच. त्यामुळे क्लेम बहुधा नाकारला जाईल.

फुगलेली, तापणारी किंवा गोडसर वास येणारी बॅटरी दुकानात ठेवायची नाही. बाहेर, फरशीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर. आणि नेहमीच्या पार्सलने पाठवायची नाही. धोकादायक मालाच्या क्रमांकांत सुटी लिथियम आयन बॅटरी यूएन ३४८० खाली जाते, काढून सायकलसोबत पॅक केलेली यूएन ३४८१ खाली, सायकलमध्ये बसवलेली असेल तर वाहन म्हणून वेगळ्या क्रमांकाखाली, आणि खराब झालेलीला वेगळं पॅकिंग लागतं. आधी वितरकाला विचारा, मग खोका शोधा.

फ्रीव्हील_सोळा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. म्हणजे दोन प्रकरणांत बोट आमच्याकडेच वळतं. ताण तपासल्याची नोंद नाही, टॉर्कची नाही. आता कागदपत्रं आणि मजुरीबद्दल कुणी सांगेल का?

बिल_आणि_बोल्ट

वॉरंटीचा कागद सायकल विकली त्या दिवशी तयार होतो, बिघडल्या दिवशी नाही. प्रत्येक सायकलीसोबत एक पान: फ्रेम क्रमांक (बहुतेकदा बीबीच्या, म्हणजे क्रँकचा ॲक्सल फिरतो त्या नळीखाली), क्रँक, पेडल, स्टेम, सीट क्लँप यांचा मोजलेला टॉर्क, दोन्ही चाकांचा ताण, ब्रेक, जोडणाऱ्याची सही. "तपासलं" अशी बरोबरची खूण नको, आकडा हवा. स्टेमला ५ लिहिलं की जोडणाऱ्यालाही टॉर्क पाना उचलावाच लागतो, हा खरा फायदा. त्याच पानावर चार ते सहा आठवड्यांनी पहिली सर्व्हिस आणि ई-सायकल असेल तर साठवणीची सूचना, गिऱ्हाइकाच्या सहीसह. बॅटरीवाल्याला ती सूचना मिळाल्याचा कागद तुमच्याकडे नसेल, तर "पुस्तिकेत लिहिलंय" म्हणून हात झटकणं मला तरी पटत नाही.

क्लेमचे फोटो धुण्याआधी काढायचे. क्रम असा: पूर्ण सायकल चेनच्या बाजूने, फ्रेम क्रमांक, बिघाड हातभर अंतरावरून, बिघाड जवळून मोजपट्टीसह, सुट्या भागावरचा मॉडेल आणि तारीख कोड, बिल. त्यानंतर स्वच्छ करून बिघाडाचा आणखी एक. तिसरा फोटो बहुतेक जण गाळतात, आणि "आणखी माहिती पाठवा" तिथूनच येतं. फक्त जवळचा फोटो बघून तडा कोणत्या नळीवर आहे ते कळत नाही.

मजकुरात निष्कर्ष लिहू नका, निरीक्षण लिहा. "निकृष्ट वेल्डिंगमुळे तडा" ऐवजी "सीट ट्यूबच्या मागच्या बाजूला वेल्डिंगच्या काठाने २२ मिमी तडा, पोचा नाही, पोस्ट आत इतके मिमी". गिऱ्हाइकालाही काउंटरवर "मिळेल हो" म्हणायचं नाही. "पाठवतो, उत्तर अमुक तारखेपर्यंत कळवतो" एवढंच, आणि उत्तर आलं नाही तरी त्या तारखेला फोन.

मजुरी. निर्मात्याची वॉरंटी बहुधा फक्त भाग देते. फ्रेम बदलायची म्हणजे सगळी सायकल उतरवून पुन्हा जोडायची, चार-पाच तास सहज. त्यावर केबल, आउटर (केबलचं आवरण), कधी हेडसेट (हँडल फिरतं ती बेअरिंग). हे गिऱ्हाइकाला क्लेम पाठवण्याआधी लेखी सांगा, मंजुरीनंतर नाही. आणि मॉडेल बंद झालं असेल तर मोठी अडचण पुढे: नवी फ्रेम आली ती १२ मिमी थ्रू ॲक्सलची, जुनी चाकं क्विक रिलीजची (चाक अडकवायच्या दोन वेगळ्या पद्धती). सीटपोस्ट २७.२ होता, नव्याला ३१.६ हवा. बीबीचं माप वेगळं. "फुकट" फ्रेमपायी निम्मी सायकल विकत घ्यायची वेळ येते. मंजुरीचा निरोप आला की मापं मागवा, यादी करा, मगच फ्रेम स्वीकारा.

माझा नियम: चूक जोडणीची असेल तर भाग आणि मजुरी दोन्ही दुकानाची. दोष मालाचा आणि वॉरंटी चालू असेल तर पहिल्या वर्षी मजुरी दुकान सोसतं, पुढे गिऱ्हाईक. बाकी सगळं नेहमीची दुरुस्ती. मात्र विक्रेता म्हणून कायद्याने येणारी जबाबदारी निर्मात्याच्या वॉरंटीपेक्षा वेगळी असते, तुमच्याकडचा नियम बघून मगच पाटी लावा.

जुना भाग क्लेम बंद होईपर्यंत फेकू नका. चिठ्ठी बांधून वेगळ्या क्रेटमध्ये. चिठ्ठीवर क्लेम क्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाच्या पावतीचा क्रमांक.

छत्तीस_तारा

एक भर. मंजुरीआधी शेल्फवरचा नवा भाग देऊन टाकायचा मोह होतो. क्लेम नाकारला की तो भाग तुमच्या खर्चात, आणि मंजूर झाला तरी क्रेडिट नोट जुन्या खरेदी दराने येते.

छर्रे_ग्रीस

सहमत नाही. रोज सायकलवर कामाला जाणाऱ्याला तीन आठवडे थांबवता येत नाही. स्वस्त भाग असेल तर देऊन टाका, महाग असेल तर दुकानाचं वापरातलं चाक तात्पुरतं द्या. पावतीवर "परतीच्या बोलीवर" लिहून.

फ्रीव्हील_सोळा

क्रँक दुकानाच्या खर्चाने बदलतोय. फ्रेमचा पोस्ट पट्टी लावून काढला. आत ७० मिमी, किमान रेघ आतच. पण वरच्या नळीचं खालचं वेल्डिंग नळीच्या तोंडापासून ९५ मिमीवर आहे.

पाना_पंधरा

म्हणजे टोक २५ मिमी वरच राहिलं. हा आकडा लपवू नका, पहिल्याच ओळीत द्या, आणि फ्रेमच्या पुस्तिकेत किमान खोलीचा आकडा आहे का ते त्याच पत्रात विचारा. पुस्तिकेत नसेल आणि फक्त पोस्टवरची रेघ असेल, तर गिऱ्हाइकाने सूचना पाळलीच आहे. त्या मुद्द्यावर क्लेम टिकू शकतो. असेल तर वॉरंटी सोडा आणि सवलतीत फ्रेम मिळते का विचारा, बऱ्याच कंपन्या अपघातग्रस्त फ्रेमसाठी तशी योजना ठेवतात. आणि नवी फ्रेम कुठूनही आली तरी पोस्ट ४०० मिमीचा मागवा. जुना ३०० चा असणार.